बडोद्याच्या ग्रंथालयाची वेबसाइट: फायरबेस ठरलं, आता समोरची बाजू कशात लिहायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यातल्या एका मराठी मंडळाचं ग्रंथालय आहे. सुमारे १२,००० पुस्तकं, ६०० सभासद, वर्षाला आठ-दहा कार्यक्रम. वेबसाइटवर पुस्तकांची यादी शोधता यावी, सभासदाला आपल्या नावावरची पुस्तकं दिसावीत, कार्यक्रमाची खुर्ची राखून ठेवता यावी आणि ग्रंथपालांना देवघेव नोंदवता यावी. बॅकएंड, म्हणजे माहिती सांभाळणारी मागची बाजू, गूगलच्या फायरबेस या तयार सेवेवर ठेवायचं ठरलं आहे. इंजिनिअरिंगला असलेली दोन मुलं फावल्या वेळात काम करणार आहेत. समोरची बाजू लिहायच्या तयार चौकटींपैकी (फ्रेमवर्क) एकाला रिॲक्ट येतं, दुसरा अँग्युलरचा आग्रह धरतोय, आणि कुणीतरी रिॲक्टवर उभं असलेलं नेक्स्ट सुचवलं आहे. यातलं काय घ्यावं?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागून. बाहेरच्या, म्हणजे लॉगिनशिवाय उघडणाऱ्या, सगळ्या पानांसाठी ॲस्ट्रो हे फ्रेमवर्क घ्या आणि ती पानं आधीच तयार करून होस्टिंगवर (वेबसाइटच्या फाइली ठेवायच्या जागी) ठेवा. शोधाची पेटी, खुर्च्यांचा नकाशा, सभासदाचं खातं आणि ग्रंथपालांचं काउंटर (देवघेव नोंदवायचं पान) या चारच जागी रिॲक्ट वापरा. ॲस्ट्रोच्या पानात रिॲक्टचा तुकडा बसवता येतो आणि त्या तुकड्यापुरतंच जावास्क्रिप्ट वाचकाच्या फोनवर उतरतं. बाकीचं पान साधं एचटीएमएल राहतं.

हा निर्णय फ्रेमवर्कांचे गुणदोष मांडून होत नाही. कागदावर आपल्या वेबसाइटची पानं लिहून काढा आणि प्रत्येकासमोर लिहा की ते कोण उघडणार, कुठून येणार आणि लॉगिन लागणार का. तुमच्या यादीत कार्यक्रमाचं पान व्हॉट्सॲपवरच्या लिंकमधून उघडणार. पुस्तकांची यादी गूगलवरून किंवा थेट उघडणार. काउंटर मात्र एकच माणूस, एकाच संगणकावर, दिवसभर उघडं ठेवणार. ही तीन वेगळी कामं आहेत. पहिल्या दोघांना पान पटकन दिसायला हवं, तिसऱ्याला पान उघडल्यानंतरची प्रत्येक क्लिक झटपट हवी. अख्खी वेबसाइट एकाच साच्यात बसवायला गेलं की एका बाजूची गैरसोय होतेच.

सगळंच्या सगळं रिॲक्टमध्ये, ब्राउझरमध्ये चालणारं एकपानी ॲप म्हणून लिहिलंत तर पहिला फटका व्हॉट्सॲपवर बसेल. लिंक पाठवली की व्हॉट्सॲप त्या पानाचं एचटीएमएल आणून त्यातलं शीर्षक आणि चित्राचा पत्ता वाचतं. जावास्क्रिप्ट ते चालवत नाही. एकपानी ॲपमध्ये प्रत्येक पत्त्यावर तेच रिकामं एचटीएमएल असतं, त्यामुळे व्याख्यानाची लिंक पाठवा किंवा नाटकाची, खाली मंडळाचं नाव आणि लोगो एवढंच उमटतं. बडोद्यातल्या मराठी घरांत कार्यक्रमाची बातमी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरून फिरते. तिथेच लिंक मुकी राहिली तर वेबसाइटचं निम्मं काम वाया गेलं. आधी तयार केलेल्या पानात हे सगळं जागेवर असतं. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, जेपीईजी, ३०० केबीच्या आत ठेवा. छपाईसाठी केलेलं चार एमबीचं पोस्टर तसंच्या तसं लावलं की पुष्कळदा चित्र येतच नाही, आणि मग मुलं तासन् तास कोडमध्ये चूक शोधत बसतात.

नेक्स्टबद्दल. फ्रेमवर्क दमदार आहे, पण त्याची खरी ताकद पान सर्व्हरवर, मागणी येईल तसं तयार करण्यात आहे. तुमच्याकडे असं एकही पान नाही की जे प्रत्येक वाचकासाठी सर्व्हरवर वेगळं घडवावं लागेल. सर्व्हर चालवायचा म्हणजे फायरबेसचा पैसे लागू होणारा ब्लेझ प्लॅन घ्यायचा, बराच वेळ कुणी आलं नाही की पहिल्या वाचकाला सर्व्हर जागा होईपर्यंत थांबवायचं, आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या त्याच दिवशी चढवायच्या. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. मार्च २०२५ मध्ये नेक्स्टमध्ये अशी त्रुटी सापडली की विनंतीत एक विशिष्ट हेडर (सोबतची माहितीची ओळ) घातलं की मिडलवेअरमधली, म्हणजे पान देण्याआधी चालणाऱ्या कोडमधली, परवानगीची तपासणीच वगळली जायची. डिसेंबर २०२५ मध्ये रिॲक्टच्या सर्व्हर कंपोनंटमध्ये (सर्व्हरवर चालणाऱ्या भागांत) त्याहून गंभीर त्रुटी निघाली. बाहेरचा माणूस सर्व्हरवर आपला कोड चालवू शकत होता. दोन्हींच्या दुरुस्त्या लगेच आल्या, पण त्या चढवायला कुणीतरी जागं हवं. परीक्षेच्या दिवसांत तुमची मुलं ते करतील का? आधी तयार करून ठेवलेल्या पानांमागे असा चालता सर्व्हरच नसतो, त्यामुळे या जातीचा धोकाही राहत नाही.

अँग्युलर मला आवडतं, आणि वीस जणांच्या टीमला ते मी आवर्जून सुचवेन. त्यात राउटिंग, फॉर्म, तपासणी सगळं एकाच पद्धतीनं येतं, त्यामुळे दहा जणांनी लिहिलेला कोड एकाच हातचा वाटतो. पण त्याची मोठी आवृत्ती दर सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला १८ महिने आधार मिळतो. म्हणजे दीड वर्षात अपग्रेड करावंच लागतं. दोन स्वयंसेवकांच्या प्रकल्पाला हा कर जड पडतो. व्ह्यू हे फ्रेमवर्क घेतलंत तरी काहीच बिघडणार नाही. दोघांनाही ते येत असतं तर मी तेच सांगितलं असतं. स्वेल्ट या आणखी एका फ्रेमवर्कचा कोड सुटसुटीत होतो आणि फाइल लहान निघते, मात्र ही मुलं नोकरीला पुण्या-बंगळुरूला गेल्यावर ते येणारा पुढचा मुलगा शोधणं अवघड जाईल. रिॲक्ट येणारा मुलगा कारेलीबागेत नाही तर मांजलपुरात सापडेलच. रिॲक्ट निवडण्याचं माझं मुख्य कारण हेच आहे.

आणखी एक. शिकवणीच्या जुन्या व्हिडिओंत रिॲक्टचा प्रकल्प ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’नं सुरू करतात. ते फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढलं आहे. आता त्याजागी वीट (Vite) हे साधन वापरायचं. उच्चार अगदी आपल्या घराच्या विटेसारखा. ॲस्ट्रोच्या पोटातही वीटच आहे. तसंच फायरबेसचं जावास्क्रिप्ट नवव्या आवृत्तीपासून सुट्या सुट्या भागांत मिळतं. जुन्या पद्धतीनं लिहिलेला कोड उतरवून घेतला तर लागत नाही तेही सगळं फोनवर जातं. आणि जे लागतं तेही हलकं नाही. फायरस्टोअरची (फायरबेसच्या डेटाबेसची) पूर्ण लायब्ररी रिॲक्टपेक्षाही जड भरते. फ्रेमवर्कच्या दहा केबींवरून वाद घालणाऱ्यांचं नेमकं इथं लक्ष नसतं. बाहेरच्या पानांवर फायरस्टोअरचा ‘लाइट’ भाग वापरा. त्यात बदल आपोआप कळण्याची सोय नाही, पण एकदा वाचून मोकळं व्हायला तो पुरतो.

आता पुस्तकांची यादी. फ्रेमवर्क चुकलं तर वेबसाइट मंद होते. इथं चुकलात तर ती बंदच पडेल, म्हणून जरा थांबून सांगतो.

फायरस्टोअरच्या फुकट हिश्शात दिवसाला ५०,००० वाचनं आणि २०,००० लेखनं मिळतात. वाचन म्हणजे एक डॉक्युमेंट, डेटाबेसमधली एक नोंद, आणणं. प्रत्येक पुस्तक एक डॉक्युमेंट असेल आणि यादीचं पान उघडताना सगळी यादी आणली जात असेल, तर एका भेटीत १२,००० वाचनं गेली. चार जणांत ४८,०००. पाचव्याला अर्धवट यादीही मिळणार नाही, सरळ त्रुटी दिसेल. आणि हा कोटा आपल्या मध्यरात्री भरत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मध्यरात्री भरतो, म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळी वेळेत दुपारी साडेबाराच्या आणि हिवाळ्यात दीडच्या सुमारास. ‘सकाळी बंद असते, दुपारी आपोआप सुरू होते’ अशी तक्रार आली की कारण शोधायला ही जागा.

उपाय साधा आहे. पुस्तकांची यादी आठवड्यातून एखाद-दोनदाच बदलते. तेव्हा ती बिल्डच्या (कोडपासून पानं तयार करण्याच्या) वेळी एका जेसन फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातल्या माहितीच्या फाइलमध्ये, ओता आणि बाकीच्या पानांसोबत होस्टिंगवर ठेवा. देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेतं. नाव, लेखक, विषय, दाखल क्रमांक मिळून एका पुस्तकाला साधारण २२० बाइट धरले तर एकूण अडीच एमबीच्या आसपास होतात, पण दाबून पाठवल्यावर पाचशे-सहाशे केबीच्या घरात येतात. प्रत्येक ओळीत ‘नाव’, ‘लेखक’ अशा किल्ल्या पुन्हा पुन्हा लिहू नका, नुसत्या क्रमानं रांगा मांडा. आणि ही फाइल पान उघडताच आणू नका. वाचकानं शोधपेटीला बोट लावलं की आणा.

शोधासाठी कुठलीही लायब्ररी लागत नाही. १२,००० ओळींत ‘यात हा शब्द आहे का’ असं बघायला साध्या फोनलाही क्षणभर पुरतो. मेहनत लागते ती शब्द सारखे करण्यात. ‘रवींद्र’, ‘रविंद्र’ आणि ‘रवीन्द्र’ ही तिन्ही रूपं तुमच्या यादीतच सापडतील, कारण ती तीन ग्रंथपालांनी तीन वेगळ्या दशकांत लिहिली आहेत. म्हणून शोधण्यापूर्वी यादीतला आणि वाचकानं लिहिलेला, दोन्ही मजकूर एकाच गाळणीतून काढा. आधी युनिकोडचं एनएफसी रूप करा (एकच अक्षर दोन तऱ्हांनी साठवलेलं असलं तर ते एकसारखं होतं), मग अदृश्य जोडचिन्हं काढून टाका, दीर्घ वेलांटी आणि दीर्घ उकार ऱ्हस्व करा, ‘न्द’, ‘ङ्ग’, ‘म्ब’ यांतल्या अर्ध्या अनुनासिकाचा अनुस्वार करा, ‘ऱ’चा ‘र’ करा. दाखवताना मूळ शब्दच दाखवायचा, ही गाळणी फक्त जुळवण्यापुरती.

बडोद्यात याला एक जोड हवी. पुष्कळ मराठी घरांत फोनवर गुजराती कीबोर्डच असतो, आणि शाळा गुजरातीत झालेली मुलं ‘देसाई’ किंवा ‘कादंबरी’ गुजराती लिपीत लिहितात. युनिकोडमध्ये या दोन लिप्या एकाच आराखड्यावर मांडल्या आहेत. देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, गुजराती ‘क’चा २७०९. फरक ३८४, आणि हाच फरक जवळपास प्रत्येक अक्षराला, मात्रेला लागू पडतो. म्हणजे गुजराती पट्ट्यातलं अक्षर दिसलं की त्याच्या क्रमांकातून ३८४ वजा करायचे, देवनागरी तयार. चार ओळींचा कोड आहे. कुठलंही फ्रेमवर्क ही सोय फुकट देत नाही आणि कुठलंही अडवतही नाही.

यादी कुठून येणार तेही आधी बघा. जुन्या ग्रंथालयांच्या एक्सेल फाइली बहुधा श्रीलिपी किंवा तशाच युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतात. पडद्यावर मराठी दिसतं, फॉन्ट बदलला की नुसती रोमन चिन्हं उरतात. त्या युनिकोडमध्ये बदलून घेतल्यावर ‘ऱ्य’, ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’, रफार आणि पहिली वेलांटी या ठिकाणी दोनशे ओळी हातानं तपासा. यादी बिघडते ती नेहमी इथंच.

पुस्तक आत आहे की बाहेर, हे मात्र रोज बदलतं. त्यासाठी १२,००० डॉक्युमेंटं नकोत. ६०० सभासद, प्रत्येकी दोन पुस्तकं धरली तरी एका वेळी जास्तीत जास्त १,२०० पुस्तकं बाहेर असणार. त्यांचे दाखल क्रमांक एकाच डॉक्युमेंटमध्ये ठेवा. एका डॉक्युमेंटची मर्यादा सुमारे एक एमबी आहे आणि हे पाच आकडी क्रमांक त्यातला अगदी थोडा भाग व्यापतात. वाचकाला एका वाचनात सगळं कळतं. ग्रंथपालांनी पुस्तक दिलं की देवघेवीची नोंद आणि ही यादी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (दोन्ही बदल होतात किंवा एकही नाही) बदला, नाहीतर कधीतरी एक बदलेल आणि दुसरी राहील. यात सभासदाचं नाव कुठेही येत नाही, हेही बरंच.

ही यादी लॉगिनच्या आड ठेवू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावून संस्थानभर मोफत वाचनालयांचं जाळं सुरू केलं, पुस्तकांच्या पेट्या गावोगाव पाठवल्या. त्या शहरात पुस्तकाचं नाव बघायलाही पासवर्ड लागावा हे बरं दिसत नाही. शिवाय यादी बघूनच नवा सभासद येतो.

रोजचं बिल्ड गिटहब या कोड ठेवायच्या सेवेच्या वेळापत्रकावर लावता येतं. तिथली वेळ मुळात यूटीसी असते, आपल्या वेळेच्या साडेपाच तास मागे. पहाटे दोनला चालवायचं असेल तर आदल्या दिवसाचे २०:३० लिहा. प्रकल्प सार्वजनिक असेल आणि ६० दिवस त्यात काहीच बदल झाला नाही तर गिटहब वेळापत्रक बंद करतं, म्हणून महिन्यातून एकदा डोकावा. आणि बिल्ड स्वतः फायरस्टोअरमधून सगळी पुस्तकं वाचत असेल तर तेही १२,००० वाचनं खातं. मुलांनी चाचणी म्हणून दिवसात चार-पाच वेळा बिल्ड केलं की कोटा संपला. बिल्डसाठी त्यांनी आदल्या दिवशीची प्रत वापरावी, किंवा मूळ यादी सरळ एका शीटमध्येच ठेवा.

वाचनं उधळण्याचा दुसरा मार्ग रिॲक्टमध्ये आहे. डेटाबेसमधले बदल ऐकत राहणारा श्रोता ‘यूझइफेक्ट’मध्ये (पान रंगल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये) लावला आणि अवलंबनांची यादी (काय बदललं तर तो पुन्हा चालवायचा ते) द्यायची राहिली, की प्रत्येक वेळी पान रंगताना नवा श्रोता लागतो, तो नवी माहिती आणतो, त्यानं पान पुन्हा रंगतं. दहा मिनिटांत कोटा साफ. श्रोता लावणारं फंक्शन तो काढण्याचं फंक्शन परत देतं. तेच इफेक्टमधून परत द्यायचं असतं, आणि हे विसरलं जातं. विकासाच्या वेळी ‘स्ट्रिक्ट मोड’मध्ये इफेक्ट मुद्दाम दोनदा चालतो. वाचनं दुप्पट दिसली म्हणून घाबरू नका, आणि तो मोड काढूनही टाकू नका. विसरलेली साफसफाई तोच दाखवतो. विकास करताना फायरबेसचा इम्युलेटर (आपल्याच संगणकावर चालणारी नक्कल) वापरा, मग खऱ्या कोट्याला धक्का लागत नाही.

सुरक्षेचे नियम. फायरबेसची जी की पानाच्या कोडमध्ये दिसते ती गुपित नाही, ती कुणालाही दिसणारच. दार राखतात ते नियम. सुरुवातीला ‘टेस्ट मोड’ निवडला की ३० दिवस कुणीही काहीही वाचू-लिहू शकतं आणि एकतिसाव्या दिवशी सगळंच बंद होतं. बहुतेकांना नियमांची आठवण त्या दिवशी होते, आणि घाईत ‘सगळ्यांना परवानगी’ लिहून मोकळे होतात. सभासदांचे फोन नंबर आणि पत्ते तिथं आहेत, हे लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी सगळं बंद ठेवून एकेक दार उघडा. बाहेर असलेल्या पुस्तकांची यादी कुणीही वाचावी, लिहावी फक्त ग्रंथपालांनी. सभासदाची माहिती त्या सभासदानं आणि ग्रंथपालांनीच वाचावी. देवघेवीचंही तसंच.

इथं हमखास अडखळायला होतं. नियम म्हणजे चाळणी नव्हे. ‘सगळी देवघेव दे’ असं मागितलं तर फायरस्टोअर आपली आपली गाळून देत नाही, अख्खी विनंतीच नाकारतं. मागतानाच ‘ज्यात सभासद मी आहे ती’ असं मागावं लागतं. ग्रंथपालाची ओळख खात्यावर शिक्का मारून ठेवता येते, त्याला कस्टम क्लेम म्हणतात. तो शिक्का मारल्यावर लगेच लागू होत नाही, लॉगिनचं जुनं टोकन (ओळखपत्र) तासभर चालतं. ग्रंथपालांना एकदा लॉगआउट करून पुन्हा यायला सांगा.

गुपित खरंच ठेवायचं असेल तर ते समोरच्या कोडमध्ये येऊच देऊ नका. वीटमध्ये ज्या चलाच्या (कोडला बाहेरून दिलेल्या मूल्याच्या) नावाला ‘वीट’ हा उपसर्ग लावाल, ॲस्ट्रो आणि नेक्स्टमध्ये ‘पब्लिक’ असलेला उपसर्ग लावाल, ते मूल्य तयार फाइलमध्ये छापलं जातं. पेमेंटची गुप्त की अशी बाहेर पडलेली सर्रास दिसते.

खुर्च्यांचं आरक्षण सर्व्हरशिवाय करता येतं. प्रत्येक राखलेल्या खुर्चीचं एक डॉक्युमेंट करा आणि त्याचं नाव कार्यक्रम व खुर्ची क्रमांक जोडून ठेवा, जसं ‘व्याख्यान-३-सी-१४’. नियमात सभासदाला फक्त ‘नवं तयार करणं’ द्या, ‘बदलणं’ देऊ नका. दोघांनी एकाच वेळी सी-१४ दाबलं तर ज्याचं आधी पोचलं त्याचं डॉक्युमेंट तयार होतं. दुसऱ्याचं लेखन आता ‘बदल’ ठरतं आणि नाकारलं जातं. एका खुर्चीवर दोन माणसं येण्याचा प्रश्नच उरत नाही. त्या डॉक्युमेंटमध्ये नाव, फोन लिहू नका, कारण नकाशा सगळेच वाचणार. ती माहिती दुसरीकडे ठेवा. पहिलं वर्ष पैसे दारावर किंवा ग्रंथालयात घ्या, न आलेल्यांच्या खुर्च्या ग्रंथपाल मोकळ्या करतील.

ऑनलाइन पैसे घ्यायचेच झाले तर मात्र क्लाउड फंक्शन (फायरबेसच्या सर्व्हरवर चालणारा छोटा कोड) लागतं आणि त्यासाठी ब्लेझ प्लॅन. रक्कम फंक्शननं ठरवायची, ब्राउझरनं पाठवलेली घ्यायची नाही. रेझरपे या पेमेंट सेवेत रक्कम पैशांत द्यावी लागते, ३५० रुपयांचे ३५,०००. पैसे आले हे पक्कं मानायचं ते सहीची तपासणी करून, वेबहुकवर (पेमेंट सेवेनं आपल्या फंक्शनला पाठवलेल्या निरोपावर), आणि तोच वेबहुक दोनदा आला तरी तिकीट एकच निघेल असं लिहायचं. ब्लेझमध्ये बजेटचा इशारा जरूर लावा, पण तो फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.

प्रदेश, म्हणजे डेटा कुठल्या शहरात राहणार ते, निवडताना फायरस्टोअर मुंबईत ठेवा. ही निवड नंतर बदलता येत नाही. मुंबई बडोद्याहून चारशे किलोमीटरवर आहे. रिअलटाइम डेटाबेस या फायरबेसच्या जुन्या भावंडाला भारतात जागा नाही, सगळ्यात जवळची सिंगापूरला, म्हणून तो नको. फंक्शन मात्र काही सांगितलं नाही तर अमेरिकेत आयोवाला जाऊन बसतं. डेटा मुंबईत, फंक्शन आयोवात, वाचक अलकापुरीत, अशी वरात होते. फंक्शन लिहिताना आणि समोरून ते बोलावताना, दोन्हीकडे मुंबईचा प्रदेश लिहा. एकीकडेच लिहिलं तर ब्राउझर कॉर्सची (दुसऱ्या पत्त्यावरून माहिती आणायच्या परवानगीची) त्रुटी दाखवतो आणि माणूस भलतीकडेच शोधत राहतो.

लॉगिनसाठी गूगल खातं पुरतं, बहुतेकांच्या फोनमध्ये ते असतंच. ओटीपीच्या प्रत्येक एसएमएसला पैसे पडतात. गूगल लॉगिन ‘पॉपअप’ पद्धतीनं करा. ‘रीडायरेक्ट’ पद्धत हवी असेल तर लॉगिनचा पत्ता तुमच्याच डोमेनवर आणावा लागतो, नाहीतर सफारी, फायरफॉक्स आणि क्रोममध्ये माणूस लॉगिन करून परत येतो आणि पान पुन्हा लॉगिनच मागतं.

मराठी नीट दिसण्याबद्दल फ्रेमवर्क निवडताना कुणी बोलत नाही, आणि तयार कंपोनंटच्या लायब्ऱ्या इथंच दगा देतात. इंग्रजीसाठी बनवलेल्या बटणांना अक्षरांमध्ये थोडं अंतर दिलेलं असतं. मटेरियल यूआयमध्ये ते मुळातच असतं. देवनागरीत त्यानं शिरोरेषा तुटते आणि ‘नोंदणी’ची तीन अक्षरं सुटी सुटी दिसतात. ते अंतर शून्य करा. ओळीची उंची १.६ च्या खाली नेऊ नका, रफार आणि उकार कापले जातात. पानाच्या भाषेत मराठीचा कोड लिहा. चांगल्या फॉन्टमध्ये त्यावरून ‘ल’ आणि ‘श’ची मराठी वळणं येतात, नाहीतर हिंदी वळणाची येतात. मुक्ता किंवा नोटो घ्या, दोनच वजनं, आणि फाइल आपल्याच होस्टिंगवर ठेवा.

तारखांचं एक. बिल्ड यूटीसीत चालतं. वेळेचा प्रदेश ‘एशिया/कोलकाता’ असा स्पष्ट लिहिला नाही तर संध्याकाळी साडेसहाचं व्याख्यान पानावर दुपारी एकचं छापलं जातं. रिॲक्टच्या तुकड्यात तर आधी एक दिसतं आणि मग साडेसहा होतं, शिवाय कन्सोलमध्ये हायड्रेशनची (तयार एचटीएमएल आणि रिॲक्टचं जुळत नाही अशी) तक्रार येते. मराठी लोकेल (भाषेची सेटिंग) दिलं की आकडे आपोआप देवनागरी होतात, गुजरातीत होत नाहीत. दोन्ही भाषांत पानं असतील तर हा फरक चूक समजू नका.

होस्टिंगवर चढवताना दोन गोष्टी. काउंटर हे एकपानी ॲप असल्यामुळे त्याच्या आतल्या पत्त्यावर रिफ्रेश केलं की ४०४ येईल. होस्टिंगच्या सेटिंगमध्ये काउंटरखालचे सगळे पत्ते त्याच्या एकाच एचटीएमएलकडे वळवा, अख्खी वेबसाइट वळवू नका. दुसरं, नावात हॅश (मजकुरावरून ठरणारी अक्षरं) असलेल्या फाइली वर्षभर कॅश होऊ द्या, पण एचटीएमएल कॅश होऊ देऊ नका. फायरबेस होस्टिंग ते मुळात तासभर ठेवतं. नवी आवृत्ती चढवल्यावर जुनं एचटीएमएल जुन्या फाइली मागतं, त्या तिथं नसतात, आणि ग्रंथपालांना पांढरं पान दिसतं.

वेग मोजायचा कसा? क्रोमच्या साधनांत संथ फोरजी आणि चारपट मंद प्रोसेसर लावा. पानातला मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसला पाहिजे, स्पर्शाला प्रतिसाद २०० मिलिसेकंदांत आला पाहिजे. मुलांच्या लॅपटॉपवर सगळंच पळतं. चाचणी मंडळातल्या एखाद्या आजींच्या पाच वर्षं जुन्या फोनवर घ्या, त्यांनाच सी-१४ राखायला सांगा आणि शेजारी गप्प बसा.

दुसऱ्या मुलाला अँग्युलरच येत असेल तर त्याला नियम, चाचण्या आणि यादीचं रूपांतर द्या. तो भाग फ्रेमवर्कशिवायचा आहे आणि कामही तिथंच जास्त आहे. फायरबेस, गिटहब आणि डोमेन तिन्ही खाती मंडळाच्या ईमेलवर उघडा, मालक म्हणून दोन पदाधिकारी ठेवा. नोडची (बिल्ड चालवणाऱ्या साधनाची) आवृत्ती प्रकल्पातच लिहून ठेवा, लॉक फाइल (लायब्रऱ्यांच्या नेमक्या आवृत्त्यांची यादी) सांभाळा, बिल्डमध्ये ‘एनपीएम सीआय’ वापरा, म्हणजे तीन वर्षांनी कुणी प्रकल्प उघडला तर तो जसाच्या तसा उभा राहील. आणि दर रविवारी सभासद, देवघेव आणि पुस्तकं यांची सीएसव्ही काढून मंडळाच्या ड्राइव्हवर टाका. उद्या फायरबेस सोडावंसं वाटलं तर सोबत न्यायचं ते एवढंच आहे.